इनकॉग्निटोचा आडोसा: कुणापासून आणि किती?

‘इनकॉग्निटो उघडलं की मागे काही राहत नाही आणि कुणाला काही कळत नाही.’ अमरावतीच्या कॉलेजांतल्या लॅबमध्ये, अकोल्याच्या अभ्यासिकांमध्ये आणि तालुक्याच्या गावातल्या सेतू केंद्रावर हे वाक्य सारख्याच खात्रीने ऐकू येतं. त्यातला पहिला भाग बराचसा खरा आहे, दुसरा नाही. आपण कोण आहोत हे साइटला पुष्कळदा कळतं. एवढंच नव्हे, आपण खासगी खिडकी उघडून आलो आहोत हेही तिला ओळखता येतं. गेल्या पंधरा-वीस वर्षांत संशोधक, ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या, वर्तमानपत्रं आणि न्यायालयं यांच्यात यावरून बरंच काही घडलं. ते वऱ्हाडाच्या नजरेतून पाहणं मला गरजेचं वाटतं. आपल्याकडे एका कॉम्प्युटरवर दिवसभरात पन्नास जणांचे हात पडतात आणि घरातला एक फोन चौघं वापरतात. आडोशाची गरज इथे जास्त आहे, म्हणून त्याची उंचीही इथेच नीट माहीत हवी.

मूळ हेतू काय होता

खासगी खिडकीची सोय ठळकपणे पहिल्यांदा आली ती २००५मध्ये, ॲपलच्या सफारीत. २००८मध्ये गूगलने क्रोमसोबत इनकॉग्निटो आणलं. २००९मध्ये इंटरनेट एक्सप्लोररची आठवी आवृत्ती आणि फायरफॉक्सही त्या वाटेने गेले. सगळ्यांचा हेतू एकच होता: त्याच मशीनवर आपल्यानंतर बसणाऱ्याला आपला माग मिळू नये. खिडकी बंद केली की हिस्टरी, कुकी, फॉर्ममध्ये भरलेली माहिती पुसली जावी.

२०१०मध्ये गौरव अग्रवाल, एली बुर्स्टीन, कॉलिन जॅक्सन आणि डॅन बोने या संशोधकांनी या सोयीची पहिली कसून तपासणी केली. त्यांनी केलेली विभागणी आजही उपयोगी पडते. खासगी खिडकीला दोन प्रतिस्पर्धी असतात, असं त्यांनी मांडलं. एक, तुमच्यानंतर त्याच मशीनला हात लावणारा माणूस. दुसरा, तुम्ही ज्या साइटवर जाता ती साइट. पहिल्यापासूनचं संरक्षण बऱ्यापैकी असलं तरी त्यालाही भोकं होती. ब्राउझरला जोडलेली एक्स्टेन्शन्स ते पोखरत होती. दुसऱ्यापासूनचं संरक्षण प्रत्येक ब्राउझरमध्ये वेगळं आणि अपुरं होतं.

लोकांचा समज मात्र वेगळाच झाला. शिकागो आणि हॅनोव्हर इथल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४६० जणांना ब्राउझरमधल्या खुलाशाचा मजकूर दाखवून प्रश्न विचारले. खासगी खिडकीत गूगल खात्यात लॉगिन केलं तरी आपला शोध नोंदला जात नाही, असं निम्म्याहून अधिक लोकांना वाटत होतं. खुलासा वाचूनही गैरसमज टिकतो, याचा दोष वाचणाऱ्यावर टाकता येत नाही. खुलासा लिहिणाऱ्याने तो नीट लिहिलेला नाही.

सेतू केंद्रावरचं मशीन

जून-जुलैत अमरावती किंवा अकोल्यातल्या कुठल्याही ऑनलाइन सेवा केंद्रात उभं राहून पाहा. बारावीचा निकाल लागलेला, सीईटीचे गुण हातात, प्रवेशाची फेरी तोंडावर. दर्यापूरहून, अचलपूरहून, पातूर-बाळापूरहून मुलं-मुली वडिलांसोबत आलेली असतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, टीसी, आधार, बँकेचं पासबुक, सगळं स्कॅन होऊन एकाच कॉम्प्युटरमध्ये जातं. ‘भाऊ, पासवर्ड काय ठेवू?’ असं मुलीने विचारलं की ‘ठेव ना मोबाइल नंबरच, विसरणार नाहीस’ असं उत्तर मिळतं. मागे रांग वाढत असते. ओटीपी मोठ्याने सांगितला जातो, अर्ज सबमिट होतो, प्रिंट निघते आणि पुढचा नंबर येतो.

या ठिकाणी खासगी खिडकी खरोखर कामाची आहे. साध्या खिडकीत लॉगआउट करायचं राहिलं, तर पुढच्या मुलाने शिष्यवृत्तीचं पोर्टल उघडताच आधीच्या मुलीचा अर्ज समोर येऊ शकतो. खासगी खिडकी बंद केली की लॉगिन संपतं आणि पुढच्याला कोरं पान मिळतं. हे संरक्षण छोटं असलं तरी खोटं नाही.

पण त्याच कॉम्प्युटरचं डाउनलोड्स फोल्डर उघडा. खासगी खिडकीतून उतरवलेली फाइल खिडकीसोबत पुसली जात नाही. बुकमार्कही राहतात. अर्जाची पीडीएफ, उतरवलेलं ई-आधार, स्कॅन केलेले दाखले ओळीने पडून असतात. ई-आधारच्या फाइलला पासवर्ड असतो हे खरं, पण तो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष मिळून बनतो, आणि या दोन्ही गोष्टी शेजारच्याच टीसीच्या स्कॅनवर लिहिलेल्या असतात. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू विभागीय कार्यालयाने सूचना काढली होती की नेटकॅफेसारख्या सार्वजनिक कॉम्प्युटरवर ई-आधार उतरवणं टाळा आणि उतरवलंच तर सगळ्या प्रती कायमच्या पुसा. त्याच पत्रकात आधारच्या झेरॉक्सबद्दलही इशारा होता. त्यावरून गोंधळ उडाला आणि दोनच दिवसांत गैरसमजाचं कारण देऊन केंद्राने ते पत्रक मागे घेतलं. प्रती पुसण्याचा सल्ला मात्र आजही तितकाच योग्य आहे.

नेटकॅफेच्या बाबतीत तर कायद्यानेच आडोशाची उंची ठरवून दिली. सायबर कॅफेसाठी २०११मध्ये आलेल्या केंद्राच्या नियमांत केबिनची पार्टिशन साडेचार फुटांपेक्षा उंच नको, येणाऱ्याचं ओळखपत्र पाहून रजिस्टरमध्ये नोंद हवी आणि कुठल्या साइट पाहिल्या गेल्या याची नोंद किमान एक वर्ष जपून ठेवायला हवी, असं सांगितलं आहे. अशा कॅफेत इनकॉग्निटो उघडणाऱ्याची हिस्टरी ब्राउझरमधून जाईल, पण नियमाप्रमाणे चालणाऱ्या मालकाच्या नोंदीतून जाणार नाही.

साइटला कसं कळतं

‘माझा माणूस खासगी खिडकीत आहे’ असं ब्राउझर साइटला सांगत नाही. साइट त्याच्या वागण्यातला फरक मोजते. खासगी खिडकीला काहीतरी वेगळं वागावंच लागतं, कारण डिस्कवर काही मागे ठेवायचं नसतं. ते वेगळेपण मोजता आलं की पाणी कुठे मुरतंय ते कळतं.

२०१०च्या त्या संशोधकांनी वापरलेली युक्ती अगदी साधी होती. पाहिलेल्या पानाची लिंक ब्राउझर वेगळ्या रंगात दाखवतो. खासगी खिडकी भेटी नोंदवत नाही, त्यामुळे आत्ताच पाहिलेल्या पानाची लिंकही तिथे न पाहिलेल्या रंगात दिसते. साइटने रंग तपासला की काम झालं. ही फट ब्राउझरांनी पुढे बुजवली.

सफारीची कहाणी अशी की अनेक वर्षं तिच्या खासगी खिडकीत साइटच्या साठवणीला शून्य जागा मिळत असे. साइटने एक अक्षर लिहायचा प्रयत्न केला की चूक दाखवली जाई, आणि ती चूक हीच खूण ठरे. फायरफॉक्सच्या खासगी खिडकीत इंडेक्स्ड-डीबी नावाची साठवणीची सोयच बंद असायची. तिथेही नकार हीच खूण. क्रोममध्ये फाइलसिस्टिम एपीआय बंद असे. साइट तात्पुरती फाइल मागायची, नकार आला की ओळखायची.

३० जुलै २०१९ रोजी आलेल्या क्रोमच्या ७६व्या आवृत्तीत गूगलने हा मार्ग बंद केला. इनकॉग्निटोतही फाइल मिळू लागली, फक्त ती डिस्कऐवजी मेमरीत ठेवली जाई. काही दिवसांतच विकास मिश्रा या संशोधकाने दाखवलं की फाइल मिळते, पण जागेची मर्यादा वेगळी आहे. इनकॉग्निटोत ती जास्तीत जास्त १२० एमबी, तर साध्या खिडकीत बहुतेक मशीनवर त्याहून कितीतरी अधिक. साइटने फक्त विचारायचं, ‘मला किती जागा आहे?’ दुसऱ्या एका संशोधकाने वेळ मोजण्याची वाट दाखवली. मेमरीत लिहिणं डिस्कपेक्षा जलद आणि एकसारख्या वेगाचं असतं, त्यामुळे पुन्हा पुन्हा लिहून वेळ मोजली की फरक उघड होतो.

मला यातली सर्वांत शहाणपणाची दुरुस्ती फायरफॉक्सची वाटते. जुलै २०२३मध्ये आलेल्या ११५व्या आवृत्तीपासून खासगी खिडकीतही इंडेक्स्ड-डीबी चालू झालं. माहिती डिस्कवरच लिहिली जाते, पण कुलूपबंद. किल्ली फक्त मेमरीत असते. खिडकी बंद झाली की किल्ली जाते आणि उरलेल्या माहितीचा कुणालाही उपयोग राहत नाही. खिडकी उघडी असताना साध्यासारखंच वागायचं आणि बंद करताना वेगळं वागायचं, हे त्यामागचं तत्त्व. फरक शेवटाला नेला की मोजणाऱ्याच्या हाती कमी लागतं.

तरी हा पाठलाग संपलेला नाही. मे २०२०पासून क्रोमची खासगी खिडकी तिसऱ्या पक्षाच्या, म्हणजे आपण उघडलेल्या साइटशिवाय इतरांच्या, कुकी आपणहून अडवते. हे चांगलंच झालं. पण कुकी अडली आहे का, हेही साइटला तपासता येतं. दिलेलं संरक्षणच खूण बनतं, हा या विषयातला खरा पेच आहे.

साइटला कळून घ्यायचं का असतं

सर्वांत उघड कारण वर्तमानपत्रांचं. महिन्याला काही लेख फुकट, पुढे वर्गणी, ही पद्धत कुकीत मोजलेल्या आकड्यावर चालते. खासगी खिडकीत आकडा दर वेळी शून्यापासून सुरू होतो. म्हणून ‘बोस्टन ग्लोब’ने २०१७मध्ये खासगी खिडकीतून येणाऱ्या वाचकांना अडवायला सुरुवात केली. बातमीदारी फुकट होत नाही. अकोल्या-अमरावतीची वर्तमानपत्रं जाहिरात आणि वर्गणीवर कशी तग धरतात हे आपण जवळून पाहतो, त्यामुळे प्रकाशकांची अडचण मला परकी वाटत नाही.

पण उपाय चुकीचा आहे. २०१९मध्ये क्रोममधली फट बुजवताना गूगलने सांगितलं होतं की राजकीय दडपणाखाली असलेली माणसं आणि घरात छळ सोसणाऱ्या व्यक्ती सुरक्षिततेसाठी खासगी खिडकी वापरतात; प्रकाशकांनी हवं तर फुकट लेख कमी करावेत किंवा वाचण्याआधी नोंदणी मागावी. हे म्हणणं मला पटतं. सासरी एकच फोन असलेली बाई कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याची माहिती शोधते. एखादी मुलगी पाळीच्या तक्रारीबद्दल वाचते. कर्जात बुडालेला कापूस उत्पादक मानसिक आजाराच्या दवाखान्याचा पत्ता पाहतो. खासगी खिडकी उघडली म्हणून यांना दारात अडवणं म्हणजे आडोसा घेतल्याचा जाब विचारणं. असा जाब विचारण्याचा अधिकार कुठल्याही साइटला नसावा.

कुकी गेली तरी ओळख राहते

कुकीचा शोध १९९४चा, नेटस्केपमधल्या लू मॉन्टुली यांचा. ती पुसता येते. पण फिंगरप्रिंटिंगमध्ये पुसायला काही नसतंच. फोनचं मॉडेल, स्क्रीनचा आकार, ब्राउझरची आवृत्ती, फॉन्ट, चित्र काढण्याची त्या मशीनची बारीक लकब, टाइमझोन आणि भाषा असे तपशील जोडून ओळख बांधली जाते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या पीटर एकर्सली यांनी २०१०मध्ये ४,७०,१६१ ब्राउझर तपासले, त्यातले ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फ्रान्समधल्या एका मोठ्या साइटवरचे २० लाखांहून अधिक नमुने तपासले गेले तेव्हा हे प्रमाण ३३.६ टक्क्यांवर होतं, आणि मोबाइलमध्ये १८.५ टक्के. म्हणजे हे तंत्र सर्वज्ञ नाही. एकाच मॉडेलचे लाखो फोन विकले जातात तिथे गर्दीत मिसळणं सोपं जातं.

मराठी माणसाने इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. फोनची किंवा ब्राउझरची भाषा मराठी ठेवली की प्रत्येक साइटला ‘या वाचकाची पहिली पसंती मराठी’ असा निरोप जातो. फोन मराठीत असणं ही अभिमानाची गोष्ट आहे. पण त्याच मॉडेलचे बहुसंख्य फोन इंग्रजीत असतील, तर आपण लहान गर्दीत उभे राहतो आणि लवकर ओळखू येतो. उपाय मराठी सोडण्यात नाही. हा तपशील साइटला विनाकारण मिळू नये, अशी रचना ब्राउझरने करण्यात आहे.

ॲप आणि ब्राउझर एकाच फोनवर राहतात, हे आणखी एक भगदाड. जून २०२५मध्ये माद्रिदच्या आयएमडीईए नेटवर्क्स, नेदरलँड्समधलं रॅडबाउड विद्यापीठ आणि बेल्जियममधलं केयू लूवेन इथल्या संशोधकांनी उघड केलं की अँड्रॉइड फोनवर फेसबुक, इन्स्टाग्राम आणि यांडेक्स या रशियन कंपनीची ॲप फोनच्या आतच एका दारावर कान लावून बसत. अनेक साइटवर मेटाचा, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीचा, माग काढणारा कोड असतो. तो ब्राउझरमधून त्या दारावर टकटक करी आणि ब्राउझरमधली ओळख ॲपमधल्या खात्याला जोडली जाई. इनकॉग्निटो उघडलेलं असलं तरी हे चालत होतं. उघडकीला आलं त्याच दिवशी मेटाने ते थांबवलं. आपल्याकडे जवळपास सगळे फोन अँड्रॉइड आणि इन्स्टाग्राम प्रत्येक तरुणाच्या फोनवर, तेव्हा खासगी खिडकीची मर्यादा याहून स्पष्ट करणारं उदाहरण मला माहीत नाही.

वाटेवरचे डोळे

साइटपर्यंत पोचण्याआधी आपली मागणी वाय-फायमधून आणि इंटरनेट कंपनीतून जाते. एचटीटीपीएसमुळे पानावरचा मजकूर वाटेत वाचता येत नाही, पण कुठल्या साइटवर गेलात हे नाव सहसा दिसतं. हॉस्टेलचं वाय-फाय, कॉलेजची लॅब, बँकेच्या शाखेचं नेटवर्क, सगळीकडे हेच. खासगी खिडकीचा यावर काहीच परिणाम होत नाही. डिसेंबर २०२१मध्ये दूरसंचार विभागाने परवान्याच्या अटी बदलून इंटरनेट वापराच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवायला लावल्या. ‘व्हीपीएन टाकतो’ म्हणणाऱ्यांनी सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचा २८ एप्रिल २०२२चा आदेशही वाचावा. भारतात सेवा देणाऱ्या व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाची माहिती पाच वर्षं ठेवावी, असं त्यात आहे. त्यानंतर काही मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले. फुकट व्हीपीएन घेणारा तर इंटरनेट कंपनीऐवजी एका अनोळखी कंपनीवर विश्वास टाकतो, एवढंच.

न्यायालय आणि कायदा

अमेरिकेत जून २०२०मध्ये गूगलवर ५ अब्ज डॉलरचा दावा लागला. इनकॉग्निटो म्हणायचं आणि तरी जाहिरात व विश्लेषणाच्या कोडमधून माहिती गोळा करायची, ही तक्रार होती. एप्रिल २०२४मध्ये तडजोडीचा तपशील बाहेर आला. अब्जावधी नोंदी पुसायच्या, खुलासा बदलायचा आणि पाच वर्षं इनकॉग्निटोत तिसऱ्या पक्षाच्या कुकी अडवण्याची सोय कायम ठेवायची, असं ठरलं. वापरणाऱ्यांना तडजोडीतून पैसे मिळाले नाहीत. आज इनकॉग्निटोच्या पहिल्या पानावर स्पष्ट लिहिलेलं असतं की साइट आणि त्यांनी वापरलेल्या सेवा, गूगलसकट, माहिती जशी गोळा करतात तशीच करत राहतील.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या पीठावर आपल्या विदर्भातले, नागपूरचे शरद बोबडे होते आणि धनंजय चंद्रचूडही होते. पुढे ११ ऑगस्ट २०२३ला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर १८ महिन्यांची मुदत आहे. कायद्यात कुकी किंवा फिंगरप्रिंटिंगचं नाव नाही. पण जिच्यावरून माणूस ओळखता येतो ती माहिती वैयक्तिक, ही व्याख्या पुरेशी रुंद आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढणं आणि त्यांना नेम धरून जाहिराती दाखवणं यावर बंदी आहे. संमतीची नोटीस राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीत, मिळण्याचा पर्यायही आहे. सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूद मात्र मोठी आहे आणि ती काळजीची बाब आहे.

वऱ्हाडाने काय करावं

सगळ्या आढाव्याचं सार असं: खासगी खिडकी त्याच मशीनवरच्या पुढच्या माणसापासून लपवते. साइटपासून अर्धवट लपवते, आणि नेटवर्कपासून मुळीच नाही.

म्हणून सामाईक मशीनवर ती जरूर उघडा. काम झालं की त्या प्रकारच्या सगळ्या खिडक्या बंद करा, कारण एक उघडी राहिली तरी लॉगिन जिवंत राहतं. डाउनलोड्समधली आपली फाइल पुसा, रिसायकल बिनमधूनही काढा. व्हॉट्सॲप वेब वापरलं असेल तर फोनवरच्या लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये जाऊन लॉगआउट करा. पासवर्ड मोबाइल नंबर ठेवू नका आणि घरी गेल्यावर बदला. स्वतःच्या फोनवर तिसऱ्या पक्षाच्या कुकी कायमच्या अडवणारा किंवा वेगळ्या कोंडणारा ब्राउझर ठेवा. सफारी २०२०पासून त्या आपणहून अडवते, आणि फायरफॉक्स २०२२पासून प्रत्येक साइटच्या कुकी आपणहून वेगळ्या कप्प्यात ठेवतो. खरोखर लपण्याची गरज असेल तर टॉर ब्राउझर आहे. तो सगळ्यांना शक्य तितका एकसारखा दाखवतो.

पण सगळा भार वापरणाऱ्याच्या डोक्यावर टाकणं अन्यायाचं आहे. अर्जाच्या शेवटच्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या मुलीकडून रिसायकल बिनची आठवण ठेवण्याची अपेक्षा करायची आणि केंद्राकडून काहीच मागायचं नाही, हे बरोबर नाही. जिल्हा प्रशासनाने प्रत्येक सेवा केंद्राला दोन गोष्टी सक्तीच्या कराव्यात: दिवसअखेर ग्राहकांच्या फाइल पुसणं आणि इनकॉग्निटो काय लपवतं, काय नाही हे मराठीत सांगणारा फलक कॉम्प्युटरशेजारी लावणं. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कॉलेजांत संगणकाचे शेकडो विद्यार्थी प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. फाइल आपोआप पुसणारी छोटी प्रणाली त्यांनी बनवून आपल्या तालुक्यातल्या केंद्रांना द्यावी. आणि ब्राउझर कंपन्यांकडे आपली मागणी एवढीच असावी, की खिडकीवर जेवढं लिहिता तेवढं तिने करावं, आणि जे ती करत नाही ते वाचणाऱ्याच्या भाषेत आधीच सांगावं.